देशकर काकांचं डोकं

जिनिंगात काम करणाऱ्याच्या अंगाला कापूस चिकटतो, तसे किस्सेही चिकटतात. घरी गेल्यावर बायको दारातच झटकून घेते, तरी दुसऱ्या दिवशी कॉलरमागं एखादा पुंजका सापडतोच!

मी दिग्रसला एका जिनिंगात काट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की भरलेली तोलायची, खाली झाली की रिकामी तोलायची. या दोन्हींच्या मधे मला काही काम नसतं, म्हणून माझ्याकडं किस्से जास्त. उन्हाळ्यात मशीनी बंद झाल्या की आम्ही चौघं-पाच जण टिनाच्या शेडमधे बसून तेच ते पुन्हा सांगतो अन् पुन्हा हसतो. त्यातले निम्मे किस्से एकाच माणसाचे, आमच्या देशकर काकांचे.

देशकर काका म्हणजे आमचे हेडक्लार्क. वडील कोर्टात नाझर, आजोबा तहसिलीत. घराण्यातच खुर्ची! इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, अक्षर असं की वाचणाऱ्यानं नीट उभं राहून वाचावं. सगळं उत्तम, फक्त काकांना मोबाईल सोसत नाही. फोन जवळ असला की उजव्या कानामागून एक कळ निघते, डोळ्यापर्यंत येते, मग मळमळ सुरू. काकू त्यासाठी घरी आलेपाक करून देतात. मऊ, चिकट, कागदात गुंडाळलेला. कळ आली की काका एक वडी तोंडात टाकतात अन् डोळे मिटून बसतात.

मोठे शेठ होते तोवर हे सगळं चालून गेलं. मग छोटे शेठ शिकून आले. पावती फोनवर, कापसाचे फोटो ग्रुपवर, हजेरीसुद्धा फोनवर! त्यांनी काकांना साफ सांगून टाकलं, "काकाजी, इस सीझन में फोन ले लो. नहीं तो घर पे आराम करो." अन् दाराबाहेर जाता जाता म्हणाले, "नौटंकी है सब."

रिटायर व्हायला थोडेच सीझन उरलेले. खुर्ची जायची भीती काकांना होतीच, पण तो शेवटचा शब्द त्यांना जास्त लागला. मला म्हणाले, "नोकरीचं काय, गेली तर गेली म्हणता येते, वानखडे. पण दुखते तर दुखते ना हो! ते खोटं कसं म्हणता?"

मी आपला काटा पाहत बसलो.

* * *

या किश्श्यांची सुरुवात झाली ती मोठ्या शेठच्या काळात, पिप्यापासून.

काकांना कुणीतरी सांगितलं की पत्र्यातून लहरी बाहेर येत नाहीत. झालं! काकांनी तेलाचा रिकामा पिपा धुऊन ऑफिसच्या दारात ठेवला. नियम असा, की आत यायचं तर फोन पिप्यात टाकायचा अन् वर झाकण लावायचं. मोठे शेठ म्हणाले, "देशकरजी को तकलीफ है, तो रखो डिब्बा."

लहरींचं मला ठाऊक नाही, आवाज मात्र यायचा! सीझनमधे पिपा गच्च भरलेला असायचा. कुणाच्या फोनवर आरती, कुणाच्या फोनवर लावणी, कुणाच्या फोनवर तान्ह्या पोराचं हसणं. सगळे एकदम थरथरले की पिपा जागचा हलायचा. एकदा तर सरकत सरकत काकांच्या टेबलापर्यंत आला! काका खुर्चीवर पाय वर घेऊन ओरडले, "धरा त्याला कोणीतरी!"

बाभुळगावकडचे एक म्हातारे शेतकरी पहिल्यांदाच आले होते. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं, की जो येतो तो वाकतो, पिप्यात हात घालतो अन् मगच आत जातो. त्यांनी चप्पल काढली, पिप्यात एक नाणं टाकलं, हात जोडले. मग आमच्या गजाननला हळूच विचारलं, "कोन्त्या देवाचं ठान होय जी हे?"

गजानन आमचा प्रेसवाला. रुईच्या गाठी बांधायचं मशीन चालवतो अन् दिवसभर जीभही चालवतो. तो म्हणे, "रेंजबाबाचं!"

तेव्हापासून त्या पिप्याला सगळे रेंजबाबाच म्हणतात.

* * *

गजानन काकांना सगळ्यात जास्त छळायचा, अन् काकांसाठी उपाय शोधण्यातही तोच पुढं!

कळंबच्या बाजारातून त्यानं एक सोनेरी स्टिकर आणला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, की हा फोनला चिकटवला की सगळं रेडिएशन खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी गजाननचा फोन पिप्यात नाही, हातात! काकांनी लगेच कपाळाला हात लावला.

"घाबरू नका जी काका. यातलं रेडिएशन मेलं!"

"कशावरून?"

"दाखवतो ना!"

आता आमच्या जिनिंगात रेंजचा वांधा आहे. चारी बाजूंनी टीन. खाली नुसती रिंग वाजते, आवाज तुटतो; नीट रेंज येते ती फक्त कापसाच्या गंजीवर, अगदी टोकाला. ज्याला बोलायचं तो गंजीवर चढतो. त्यावरून मोठ्या शेठच्या शिव्याही खाल्ल्यात सगळ्यांनी, कारण फोन कापसात पडला अन् पाइपातून ओढला जाऊन मशीनीत गेला तर बॅटरी चेपते. ठिणगी उडाली की संपलं! जिनिंगवाल्याला आगीशिवाय कशाची भीती नसते, अन् पूर्वी जी भीती विडीची होती ती आता मोबाईलची आहे.

तरी गजानन चढला. टोकावर उभं राहून फोन वर केला. "पाहा! इथं बी कोनाले फोन लागत नाई, कोनाचा येत नाई! सारं रेडिएशन त्या स्टिकरनं खाल्लं!"

काका खाली उभे. खरंच प्रभावित झालेले. "मला एक आणून दे रे गजानन."

मी फोन घेऊन पाहिला. "अबे भैताडा, रेडिएशन नाई गेलं. रिचार्ज संपला तुहा!"

* * *

डॉक्टर केले नाहीत असंही नाही. दिग्रसचे सगळे झाले. एक डॉक्टर भले होते. सगळे रिपोर्ट पाहून म्हणाले, "काका, दुखणं खरं आहे. पण कशानं होतं ते मला सापडून नाही राहिलं." काका तेवढ्यावरही खूश होते. महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले, "डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे."

मग यवतमाळला एमआरआय काढायचा ठरला. काकू घाबरल्या होत्या, म्हणून सोबत मी गेलो. ते मशीन पाहूनच मी दोन पावलं मागं सरलो. मोठ्या मोरीच्या नळीसारखं भोक, त्यात माणूस आडवा घालायचा अन् वरून ठोकाठोकीचा आवाज! आतला माणूस सांगत होता, की ते सगळं मशीन म्हणजे एक मोठं लोहचुंबकच आहे. मी म्हटलं, आता काही काका जिवंत बाहेर येत नाहीत. खिशातल्या फोननं ज्याला ओकारी येते, त्याचं इथं काय होणार?

बराच वेळ झाला. दार उघडलं. तो आतला माणूस हसत बाहेर आला. म्हणे, "तुमचे पेशंट झोपले हो. उठवा जरा."

काका डोळे चोळत आले, चेहरा एकदम ताजा. मी विचारलं, "काका, एवढ्या मोठ्या लोहचुंबकात डोकं नाही दुखलं?"

"का दुखेल?" काका म्हणाले. "तिथं मोबाईल बाहेर ठेवायला लावतात ना!"

* * *

काकांची मुलगी पुण्याला. काकूंकडं फोन आहे, तो स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्यात राहतो. रविवारी मुलीचा फोन आला की काकू तो अंगणात नेतात, कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवीत घालून अडकवतात, स्पीकर लावतात अन् काठी भिंतीकडं धरून उभ्या राहतात. काका अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीपाशी.

एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. त्यामुळं मुलीला बढती मिळाली, जावयाचा गुडघा दुखतो, नातू शाळेत चावला, हे सगळं गल्लीला काकांच्याच वेळी कळतं. कधी कधी थोडं आधी, कारण काठी शेजाऱ्यांच्या भिंतीकडं असते!

एकदा मुलीनं विचारलं, "बाबा, जेवलात का? काय केलं होतं?"

काका उत्तर द्यायच्या आत भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "खिचडी होती बाई आज. मीठ कमी होतं, तुह्या बाबानं सांगतलं ना आईले."

* * *

आता खरं सांगायचं तर आमच्यातही दोन पक्ष होते. गजानन म्हणायचा, "मनाचा खेळ होय बावा." मी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. कारण एक दिवस असा आला, की आम्हा सगळ्यांची बोलती बंद झाली.

हिशोब तपासायला एक साहेब आले होते. दारात त्यांनी फोन पिप्यात टाकला अन् काकांसमोर येऊन बसले. थोड्या वेळानं काकांचा हात कानामागं गेला.

"साहेब, अजून एक फोन आहे तुमच्याकडं."

"नाही हो."

"आहे. माफ करा, पण आहे."

साहेब लाल झाले. गजानन दारातून तोंड दाबून हसत होता. मग साहेबांनी वाकून पँट वर केली अन् मोज्यातून एक छोटासा फोन काढला! म्हणे, घरच्यांना ठाऊक नाही, कुणाला सांगू नका.

साहेब वाकडं चालत होते ते आम्हीही पाहिलं होतं. पण आम्हाला वाटलं, बूट चावत असेल. त्या दिवसानंतर गजानन काही दिवस काकांसमोर गप्प राहायचा. त्याला ते फार जड गेलं.

* * *

आमच्या ट्रॅक्टरवर उल्हास राठोड आहे. त्याचा तांडा डोंगरापलीकडं. तिथं रेंज नावालाही नव्हती. काकांच्या कानावर हे गेलं अन् त्यांनी उन्हाळ्यात सुट्टी टाकून थेट तांडा गाठला.

राठोडच्या याडीनं, म्हणजे आईनं, काकांना घरच्यासारखं ठेवलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बाजेवर झोप. डोकं दुखणं तर सोडाच, काका दुसरी भाकर मागून घ्यायला लागले! राठोड सांगत होता, "काका लेंगी शिकून राह्यले होते बायांकडून." लेंगी म्हणजे होळीची गाणी. ही मात्र त्यानं मारलेली फोकनाड असावी.

निघायच्या दिवशी तांड्याचा नाईक चार माणसं घेऊन आला. "साहेब, तुमचं अक्षर लय चांगलं हाय म्हनते उल्हास. येक अर्ज लिहून द्या ना."

"देतो की. कशाचा?"

"टावरचा."

काकांचा हात खिशाच्या पेनावरच थांबला. नाईक सांगत गेला. बाई अडली तर गाडीले फोन करता येत नाही, बुढ्यांच्या पेन्शनीचा नंबर फोनवर येतो, तो पाहायले पोट्टे डोंगरावर चढतात. राठोडची याडी दारात उभी होती. तिनं काकांच्या हातात वाटेसाठी बांधलेली शिदोरी दिली.

काकांनी पेन काढलं अन् तिथंच बाजेवर बसून अर्ज लिहिला. तो इतका झकास उतरला, की पुढच्या दिवाळीआधी टॉवर उभा!

मी विचारलं, "काका, थोडा कच्चा लिहायचा होता ना! तुमची तेवढी एक जागा होती."

"मला अर्ज वाईट लिहिता येत नाही हो," काका म्हणाले.

राठोड बिचारा अजून दर उन्हाळ्यात आग्रह करतो. "या ना काका तांड्यावर. याडी आठवन काढते. अन् आता त फुल रेंज हाय!"

* * *

अन् आता मुहूर्ताचा दिवस.

दिवाळीनंतर कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीवाल्याला टोपी-दुपट्टा देतात. मग मशीनी सुरू; त्यांच्यासाठी थोडा कापूस आधीच घेऊन गंज्या लावलेल्या असतात. छोट्या शेठचा हा पहिलाच मुहूर्त. सकाळपासून फोन घेऊन ते गंजीवर चढत होते, उतरत होते, व्हिडिओ काढत होते. काकांना दिलेली मुदतही हीच होती. सीझन सुरू झाला अन् काकांकडं फोन नव्हता. आज ना उद्या बोलावणं येणार, हे काकांना ठाऊक होतं अन् आम्हालाही.

आमच्याकडं शेठ दर दिवाळीला सगळ्यांना एकसारखी लाल पिशवी देतात, डब्यासाठी. छोट्या शेठच्या आईंनीही पोराचा डबा त्याच पिशवीत दिला होता. सगळ्या पिशव्या ऑफिसात काकांच्या खुर्चीमागं ओळीनं खुंट्यांना. आम्हाला आपापली खुंटी ठाऊक असते, तरी आठवड्यातून एखादा कुणाचा तरी डबा खातोच.

पूजेच्या वेळी भटजींनी छोट्या शेठना सांगितलं, "फोन ठेवा जी, ताट दोन्ही हातांनी धरा." ते धावत आत गेले अन् रिकाम्या हातानं परत आले. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. मी नंतर सगळं जुळवलं.

पूजा झाली. काका खुर्चीत बसून पावत्या फाडायला लागले. मी आत डोकावलो तर स्वारी चक्क गुणगुणत होती! "आज डोकं कसं हलकं आहे वानखडे! इतक्या वर्षांत असं वाटलं नव्हतं. मुहूर्त चांगला आहे."

मला बरं वाटलं. म्हटलं, जातानाचे दिवस तरी सुखाचे जावोत.

गजानननं मशीन सुरू करायला बटणावर हात ठेवला, तेवढ्यात छोटे शेठ खिसे चाचपायला लागले. शर्टाचा, पँटीचा, पुन्हा शर्टाचा. मग त्यांनी गंजीकडं पाहिलं.

"मेरा फोन! रुको, मशीन मत चलाओ!"

गजानननं हात असा काढला, जसा चटका बसला. कुणीतरी फोन लावून पाहिला. रिंग जात होती, आवाज कुठंच नव्हता. पूजेसाठी सायलेंट केलेला! दोन गंज्या. एक शेडमधली मोठी, एक लिंबाच्या झाडाखालची लहान. शेठ सकाळी दोन्हींवर चढले होते. बाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, अन् मुहूर्ताच्याच दिवशी मशीन बंद. छोट्या शेठच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगाच तो शेवटी.

मग त्यांची नजर ऑफिसच्या दारात उभ्या काकांवर गेली.

"काकाजी, आपको तो पता चलता है ना? बताओ, किस गंजी में है? मिल गया तो मान जाऊँगा, फिर कभी फोन की बात नहीं करूँगा. नहीं मिला तो... आप समझदार हो."

मला छोट्या शेठचा राग आला, सांगून ठेवतो. अशा वेळी असं कुणी बोलतं का?

काका पायऱ्या उतरले. मोठ्या गंजीभोवती एक चक्कर मारली. मग लिंबाकडं गेले. चालता चालताच त्यांचा चेहरा उतरला, हात कानामागं गेला. मी बारीक लक्ष ठेवून होतो. नाटक असतं तर मला दिसलं असतं, एवढ्या वर्षांचा माणूस माझ्या ओळखीचा. त्या गार सकाळी शर्ट पाठीला चिकटला घामानं. लहान गंजीपाशी ते खाली बसले अन् त्यांना भडभडून उलटी झाली.

"इथं आहे," ते म्हणाले. "याच गंजीत."

बायामाणसं तुटून पडली. हातानं कापूस उपसायला सुरुवात झाली. मीही लागलो. राठोड, मधेमधे फोन लावून पाहणारा गजानन, खुद्द छोटे शेठ. गंजी अर्ध्यावर आली. काहीच नाही! काका गाडीच्या धुऱ्याला टेकून डोकं धरून बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

"वानखडे, माझ्या पिशवीतला आलेपाक आणता का जरा?"

मी ऑफिसात गेलो. काकांची खुंटी बरोबर खुर्चीच्या मागं, पाठीला लागेल अशी. पिशवीत हात घातला. डबा लागला. त्याच्या बाजूला आलेपाकाचा कागद सुटलेला, सगळा चिकटा झालेला. अन् त्या चिकट्यात फोन. गरम झालेला, हातात थरथरत होता. बाहेरून गजानन सारखा लावत होता ना!

पूजेच्या घाईत शेठनी आपली पिशवी समजून टाकला असणार अन् गडबडीत विसरले असणार; तेव्हापासून तिथंच होता तो. काका गुणगुणत होते तेव्हाही.

मला वाटलं होतं, असं काही कधी सापडलं तर मी पोट धरून हसेन. गजाननला सांगायला धावत जाईन. हसू आलंच नाही. खिडकीतून काका दिसत होते. डोकं गुडघ्यांत, अन् एक मजूरबाई पदरानं वारा घालत होती.

मी फोन शर्टाच्या आत बनियनमधे सरकवला. आलेपाक नेऊन काकांना दिला. मग लिंबाखालच्या गंजीत गुडघाभर शिरलो, थोडा वेळ इकडचा कापूस तिकडं केला अन् ओरडलो, "सापडला!"

काय आवाज झाला! बाया टाळ्या वाजवायला लागल्या. राठोडनं शिट्टी मारली. गजानन मात्र माझ्याकडं पाहत राहिला. "त्या बाजूनं त मी पाह्यलं होतं ना बे?"

"नीट नव्हतं पाह्यलं तू," मी म्हटलं.

त्यानं माझ्या शर्टाकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग दोन्ही हात वर करून बोंबलला, "बोलो रेंजबाबा की जय!"

छोट्या शेठनं फोन घेतला अन् रुमालानं पुसायला लागले. "ये पीछे क्या चिपका है? चिपचिपा?"

"सरकीचं तेल असन जी," मी म्हटलं.

काका आलेपाकाची वडी चघळत होते. चघळता चघळता थांबले. फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

छोटे शेठ काकांसमोर जाऊन उभे राहिले. मान खाली. "काकाजी, मान गया. आपकी कुर्सी कोई नहीं हिलाएगा." अन् सगळ्यांच्या देखत ऑफिसच्या दारात गेले, पिप्याचं झाकण उघडलं अन् स्वतःचा फोन आत टाकला. मालकाचा फोन पिप्यात, पहिल्यांदाच! मशीनी सुरू झाल्या. काकांचं डोकं दुपारपर्यंत उतरलं.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळेला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खुंटीपाशी गेले. पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला, आलेपाक काढून ठेवला. मग पिशवी उलटी केली अन् चांगली दोन्ही हातांनी झटकली. आत वाकून पाहिलं. डबा परत आत ठेवून पिशवी खुंटीला लावली.

मी दारातच उभा होतो.

"घ्या वानखडे," काका म्हणाले, अन् आलेपाकाची एक वडी माझ्या हातावर ठेवली.

तेव्हापासून ते पिशवी रोज झटकतात.